कथावाचनाचा ऑनलाइन वर्ग: नकाशे उत्तम, चाचण्या टाकाऊ

मी हौशी रंगभूमीवर नेपथ्य करते. नवीन संहिता हातात आली की बाकीचे संवाद वाचतात आणि मी कंसातला मजकूर वाचते. दार कुठे आहे, खिडकी उघडते की नुसती रंगवलेली आहे, टेबलावर काय पडलंय, कोण कुठल्या विंगेतून येतं. दोघांचं बिनसलंय हे पहिल्या वाक्याआधीच प्रेक्षकाला कळायला हवं असेल तर खुर्च्या किती अंतरावर ठेवायच्या, हा माझा प्रांत. त्यामुळे लघुकथेतली जागा आणि प्रतीकं यांतून न बोललेला ताण कसा वाचायचा, एवढ्याच विषयावरचा ऑनलाइन वर्ग दिसला तेव्हा मी लगेच पैसे भरून टाकले. वर्ग चालवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिला चार शब्द सुनावणार आहे.

निकाल आधीच सांगते. शिकवणाऱ्या बाईंसाठी वर्ग जरूर घ्या. अ‍ॅपमधल्या चाचण्यांकडे ढुंकूनही बघू नका.

कथा चार आहेत: हेमिंग्वे, चेखव, स्टाइनबेक आणि मॅन्सफिल्ड यांची एकेक. प्रत्येक कथेचा पहिला व्हिडिओ म्हणजे नुसतं वाचन. बाई पूर्ण कथा मराठीत वाचून दाखवतात, मध्ये एक शब्दही स्वतःचा घालत नाहीत. वाचन सपाट आहे, आणि ते मुद्दाम तसं आहे. आमच्यातल्या एखाद्या नटाने हे वाचलं असतं तर प्रत्येक 'ती म्हणाली'मध्ये हुंदका भरला असता आणि मग आपल्याला शोधायला काही उरलंच नसतं. वाचन संपलं की एक कोरा कागद घ्यायचा आणि कथेतल्या जागेचा नकाशा काढायचा. अर्थाबद्दल बोलायचं नाही, प्रतीक हा शब्द उच्चारायचा नाही. नकाशा काढून झाला की मगच दुसरा व्हिडिओ उघडतो. हा नियम ज्याला कुणाला सुचला त्याला माझा नमस्कार.

सगळ्यात जास्त वेळ हेमिंग्वेला दिलाय आणि तो योग्यच आहे. १९२७ सालची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' ही कथा. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यातलं एक जंक्शन, मरणाचा उकाडा, एक अमेरिकन पुरुष आणि त्याच्याबरोबरची मुलगी. बार्सिलोनाहून येणारी एक्सप्रेस चाळीस मिनिटांत येणार, दोन मिनिटं थांबणार आणि माद्रिदला जाणार. दोघं बिअर मागवतात, मग अनीस नावाची दारू मागवतात, मग पुन्हा बिअर. मधल्या वेळात तो एका अगदी 'साध्या' शस्त्रक्रियेबद्दल बोलत राहतो. कसली शस्त्रक्रिया, ते लेखक सांगत नाही. गर्भपात हा शब्द पूर्ण कथेत एकदाही येत नाही.

आता नकाशा. पेन्सिल हातात घेईपर्यंत ही कथा म्हणजे नुसते संवाद आहेत असं वाटतं. कागदावर रेघा ओढायला लागलं की जागा बोलायला लागते. स्टेशन दोन रुळांच्या मध्ये उभं आहे. या बाजूला झाड नाही. सावली आहे ती फक्त इमारतीची. टेबलावरून दिसतात त्या खोऱ्यापलीकडच्या लांबलचक पांढऱ्या टेकड्या आणि कोरडी, तपकिरी जमीन. धान्याची शेतं, नदीकाठची झाडं, झाडांतून दिसणारं पाणी हे सगळं स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला आहे, आणि ते बसल्या जागेवरून दिसत नाही. त्यासाठी उठून स्टेशनच्या टोकापर्यंत चालत जावं लागतं. उठून जाते ती मुलगी. तिथे उभी राहून ती बघते, शेतावरून एका ढगाची सावली सरकते, आणि हे सगळं आपलं असू शकलं असतं असं ती म्हणते. तो तिला सावलीत परत बोलावतो.

दिग्दर्शकाला यापेक्षा जास्त ब्लॉकिंग (कोण कुठे उभं, कुठे सरकतं याची आखणी) लागत नाही. कोरडी बाजू म्हणजे वांझपण आणि हिरवी बाजू म्हणजे मूल, हे कुठल्याही मार्गदर्शकात मिळेल. बाईंनी तेही सांगितलं, पण एका वाक्यात सांगून पुढे गेल्या. त्यांचा भर होता हालचालीवर: कोण उठलं, कोणी परत बोलावलं, परत बसल्यावर कोण कुठे बघतंय. परत बसल्यावर ती टेकड्यांकडे बघते आणि तो तिच्याकडे आणि टेबलाकडे बघतो. एवढ्याने पुरेसं कळतं.

नदी नक्की कोणत्या बाजूने वाहते यावर थेट सत्रात चांगलाच वाद झाला. लोकांनी आपापले नकाशे पडद्यावर धरले, एकाचा दुसऱ्याशी जुळेना. एका निवृत्त अभियंत्याने उतार आणि दिशा मांडून हे खोरं असं असूच शकत नाही, असं ठासून सांगितलं. बाई शांत. त्या म्हणाल्या, नदी कुठे का असेना, ती टेबलावरून दिसते का, एवढं सांगा. वाद मिटला. अभियंता मिटला नाही, तो भाग वेगळा.

मग बारच्या दारातला मण्यांचा पडदा. माश्या आत येऊ नयेत म्हणून लावलेला, बांबूच्या मण्यांचा. त्यावर दारूचं नाव रंगवलंय आणि ते काय लिहिलंय हे ती त्याला विचारते. शेवटी बारमधली बाई येऊन गाडी पाच मिनिटांत येतेय असं सांगते, तेव्हाही ती काय म्हणाली हे मुलीला त्यालाच विचारावं लागतं. म्हणजे या जागेची भाषा त्याच्याकडे आहे. ऑर्डर तो देतो, पाटी तो वाचतो, गाडीची वेळ त्याच्यामार्फत कळते. असल्या ठिकाणी माणूस 'तुला नको असेल तर नको करू' असं कितीही वेळा म्हणाला तरी त्या म्हणण्याला काय वजन राहणार? आपल्याला फक्त हीच एक गोष्ट सुखी होऊ देत नाही, असं तो म्हणतो तेव्हा ती हात पुढे करून त्या पडद्याच्या दोन माळा धरते. नेपथ्यातली वस्तू नटाने धरली की ती प्रॉपर्टी, म्हणजे नटाच्या वापरातली वस्तू होते, असं आमच्यात म्हणतात. पडदा तिथे प्रॉपर्टी होतो. आणि मी नकाशावर बाण काढून बघितलं: पूर्ण कथेत ती त्या पडद्यातून एकदाही आत जात नाही. तो जातो, आत एकटा एक पेग घेतो, बाकीचे प्रवासी कसे शहाण्यासारखे गाडीची वाट बघतायत ते न्याहाळतो आणि पडद्यातून बाहेर येतो.

एक गोष्ट बाईंनी शिकवली नाही, ती मला व्हिडिओखालच्या वेळेच्या पट्टीवरून सुचली. ही कथा इंग्रजीत जेमतेम दीड हजार शब्दांची आहे. बाईंचं वाचन दहा-बारा मिनिटांत संपतं. कथेतलं घड्याळ मात्र चाळीस मिनिटांपासून पाच मिनिटांपर्यंत येतं, म्हणजे पस्तीस मिनिटं जातात. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं कुठे गेली? ती दोघं गप्प बसलेली आहेत. लेखकाने 'बराच वेळ कोणी बोललं नाही' असं कुठे लिहिलेलं नाही. दोन आकडे ठेवलेत आणि मधे ग्लास बदललेत. रंगमंचावर हे करायचं झालं तर प्रयोग दहा मिनिटांचा नाही, पस्तीस मिनिटांचा बसेल आणि त्यातला मोठा भाग पॉजचा असेल. मी हे थेट सत्रात मांडलं. बाईंनी लगेच सगळ्यांना कामाला लावलं: प्रत्येकाने कथेत ते पॉज कुठे पडले असतील तिथे खुणा करा. बहुतेकांच्या खुणा एकाच जागी आल्या. एखादं दृश्याचं वाक्य येतं, वारा पडदा टेबलावर ढकलतो किंवा ती जमिनीकडे बघते, बरोबर तिथे. म्हणजे वर्णन म्हणून आपण जे भराभर वाचून पुढे जातो ती या कथेतली शांतता आहे. एवढ्या एका सत्रात माझे पैसे वसूल झाले.

आणि हत्ती? टेकड्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात असं ती म्हणते. मी कधी हत्ती बघितला नाही, असं तो म्हणतो. तू कशाला बघशील, असं ती म्हणते आणि तो चिडतो. हत्ती म्हणजे नको असलेलं ओझं, टेकडी म्हणजे वाढणारं पोट, असं भाष्य ढिगाने उपलब्ध आहे आणि ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण भांडण त्या उपमेच्या अर्थावरून होत नाही. तिने एक गंमत पुढे केली आणि त्याने ती घेतली नाही, भांडण तिथे आहे. थोड्या वेळाने ती स्वतःच आपली उपमा मागे घेते, खरं तर त्या तशा दिसत नाहीत म्हणते. आणि त्यानंतर सौदा करते: मी ते करून घेतलं तर मग मी असं काही म्हटलेलं तुला पुन्हा आवडेल का? प्रतीक आधी देऊ केलं जातं, मग परत घेतलं जातं, मग गहाण टाकलं जातं. बाईंनी हे तीन टप्पे फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि बाजूला अर्थ म्हणून काहीही लिहिलं नाही. हिमनगाचा एक अष्टमांशच पाण्यावर असतो, तसंच कथेतलंही बरंचसं न सांगता राहतं, हे हेमिंग्वेचं १९३२ सालचं म्हणणं त्यांनी एकदाच सांगितलं. त्याची माळ ओढली नाही, हेही बरं.

चेखवची १८९९ची 'द लेडी विथ द डॉग' त्यामानाने मोठी आहे, आणि इथे नकाशे तीन काढायचे असतात: समुद्रकाठच्या याल्टातली विवाहित नायिकेची खोली, 'एस' नावाच्या गावातलं हॉटेल, तिच्या घराबाहेरचा रस्ता. पहिल्या खोलीत टेबलावर एक मेणबत्ती आणि एक कलिंगड आहे. ती आपण पापी झालो म्हणून खचून बसलीय आणि तिचा प्रियकर गुरोव स्वतःसाठी एक फोड कापून सावकाश खातो. निदान अर्धा तास शांततेत जातो, हे चेखव उघड लिहितो. हेमिंग्वेने जी शांतता लपवली ती इथे सरळ मोजून दिलीय, आणि तरी बोचते, कारण त्या वेळात एक माणूस खातोय.

'एस' गावच्या हॉटेलातली सगळ्यात चांगली खोलीसुद्धा करडी. जमिनीवर करडं लष्करी कापड, टेबलावर धुळीने करडी पडलेली दौत, दौतीवर घोडेस्वार, हातात उंचावलेली टोपी आणि मुंडकं तुटलेलं. तिच्या घरासमोर लांबच लांब करडं कुंपण, वर खिळे. गुरोव तिथे येरझाऱ्या घालतो, आतून पियानोचे अस्पष्ट सूर येतात, एक म्हातारी ओळखीच्या कुत्र्याला घेऊन बाहेर पडते आणि हा त्याला हाक मारायला जातो तर घाबरून त्याचं नावच आठवत नाही. तिच्या लग्नाबद्दल त्या पानावर एक ओळ नाही. कुंपण आहे.

इथे बाईंनी चेखवचीच बंदूक आणली. नाटकात भरलेली बंदूक ठेवलीत तर ती कोणीतरी उडवायला हवी, असं त्याने १८८९च्या एका पत्रात लिहिलं होतं. ते ठीक आहे. पण मला तो बिनमुंडक्याचा घोडेस्वार जास्त आवडतो, कारण तो शेवटपर्यंत उडत नाही. त्याचा पुढे काही उपयोग होत नाही, कोणी त्याच्याकडे बोट दाखवत नाही. एका प्रेमात पडलेल्या, हास्यास्पद दिसू लागलेल्या माणसाच्या खोलीत तो नुसता टोपी उंचावून बसलाय. मी सेटवर अशा वस्तू ठेवते तेव्हा दिग्दर्शक विचारतात, हिचं काम काय? यापुढे मी त्यांना ही खोली वाचायला देणार आहे.

स्टाइनबेकच्या 'द क्रिसँथमम्स'वर (१९३७) वर्ग घसरला. डिसेंबर महिना, कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यावर धुक्याचं झाकण बसलंय आणि खोरं बंद भांडं झालंय, अशी सुरुवात आहे. बाईंनी स्लाइड लावली: धुकं म्हणजे कोंडमारा. लावली आणि तिथेच रमल्या. खरी कथा तर नायिका एलायझाच्या हातांत आहे. पुरुषी कपडे, जाड हातमोजे, फुलांच्या वाफ्याभोवती तारेचं कुंपण. भांडी दुरुस्त करणारा फिरस्ता येतो तेव्हा ती आधी कुंपणापलीकडून बोलते. मग हातमोजे उतरतात, मग तो फुलांबद्दल दोन शब्द काढतो, मग तो कुंपणाच्या आत येतो. ती त्याला लाल कुंडीत रोपं लावून देते. पुढे नवऱ्याबरोबर गाडीतून जाताना रस्त्यावर दूर एक काळा ठिपका दिसतो आणि तिला कळतं. त्याने रोपं फेकली, कुंडी ठेवून घेतली. नवऱ्याला ती यातलं काही सांगत नाही. हातमोजे, कुंपण, कुंडी, ठिपका, एवढ्या पायऱ्या हातात असताना धुक्यात का थांबायचं? इथे नकाशा काढायचं कामही दिलं नव्हतं. का, कोण जाणे.

मॅन्सफिल्डच्या 'ब्लिस'मधलं (१९१८) फुललेलं नासपतीचं झाड तर घाईघाईत उरकलं. नायिका बर्था आपल्या आनंदाचं चित्र म्हणून त्या झाडाकडे बघते, पाहुणी आलेल्या मिस फुल्टनलाही ते खिडकीतून दाखवते, आणि त्याच रात्री नवऱ्याला तिच्याशीच लगट करताना बघते. शेवटी झाड जसंच्या तसं, तितकंच फुललेलं. प्रतीक माणसाशी बेइमान होऊ शकतं, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. वर्गात त्यावर काहीच बोलणं झालं नाही.

आता अ‍ॅप. प्रत्येक कथेनंतर चाचणी आहे आणि तिचं नाव 'प्रतीक ओळखा'. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ, जोड्या लावा. टेकड्या, रेल्वे, मण्यांचा पडदा, बॅगा. प्रत्येकाला एकच अर्थ, दुसरा दिला की लाल फुली. बाईंनी व्हिडिओत जे जे मोकळं सोडलं ते सगळं या चाचणीने खिळे मारून बंद केलंय. सगळ्यात कहर म्हणजे 'शेवटी मुलगी काय ठरवते?' हा प्रश्न, चार पर्याय, त्यातला एक बरोबर! कथेत तो दोन जड बॅगा उचलून स्टेशनला वळसा घालून पलीकडच्या रुळांकडे नेऊन ठेवतो आणि परत आल्यावर ती हसून आपण अगदी ठीक आहोत म्हणते. याचा अर्थ काय यावर वाचक आजही भांडतात. बॅगांवर दोघं जिथे जिथे राहिले त्या सगळ्या हॉटेलांची लेबलं आहेत, हे चाचणी करणाऱ्याने बहुधा वाचलेलंच नसावं, कारण त्याच्या जोडीत बॅगा म्हणजे 'प्रवास' आहे. मी ग्राहकसेवेला सविस्तर मेल लिहिली. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं छापील उत्तर आलं, आणि त्याखाली पुढच्या वर्गाची जाहिरात.

दुसरी तक्रार: वर्ग मराठीत, विद्यार्थी मराठी, आणि चारांत एकही मराठी कथा नाही. जी. ए., गाडगीळ, मोकाशी यांच्या भाषेत हा विषय शिकवायचा आणि उदाहरणासाठी दर वेळी परदेशी गाडी पकडायची, हे मला पटलं नाही. बाईंना ती यादी वरून मिळाली असावी असं त्यांच्या एकदोन वाक्यांवरून वाटलं.

तांत्रिक बाजू ठीकठाक. आवाज स्वच्छ आहे. वेग वाढवायची सोय आहे, पण वाचनाचे व्हिडिओ दीडपट वेगाने ऐकणाऱ्याने हा वर्ग घेऊ नये. मजकुराच्या पीडीएफला रुंद समास ठेवलाय, छापून घेतलं तर खुणा करायला बरं पडतं. थेट सत्रांची रेकॉर्डिंग मिळतात, मात्र त्यात लोकांनी दाखवलेले नकाशे दिसत नाहीत, नुसता बाईंचा चेहरा दिसतो. तेव्हा जमेल तितक्या सत्रांना हजर राहा.

कोणी घ्यावा? कथा लिहिणाऱ्यांनी, नाटकवाल्यांनी, आणि वर्णनाचे परिच्छेद गाळून संवाद वाचण्याची सवय असलेल्यांनी. हेमिंग्वे आणि चेखव पूर्ण करा. स्टाइनबेकचं वाचन ऐका, नकाशा आपला आपण काढा, चर्चा सोडली तरी चालेल. चाचण्या दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. मला ते नको होतं, त्यामुळे शेवटच्या दोन मी उघडल्याही नाहीत. मॅन्सफिल्डचा भाग बाईंना पुन्हा रेकॉर्ड करू द्यावा, असं अभिप्रायाच्या चौकटीत लिहून ठेवलंय. छापील नसलेलं उत्तर आलं तर कळवीन.